अळ्यांचं पार्सल: पुरावा लॅबपर्यंत जिवंत कसा पोहोचतो?

आजचा भाग जेवताना ऐकू नका, एवढंच आधी सांगते. विषय आहे अळ्यांचा. मृतदेहावर सापडलेल्या अळ्या पॅक करून तज्ज्ञाकडे पाठवायच्या कशा?

आधी एक खरी केस. सप्टेंबर १९३५, स्कॉटलंडमधलं मॉफट गाव. तिथल्या एका ओढ्यात २९ तारखेला दोन स्त्रियांच्या मृतदेहांचे तुकडे सापडले. त्यावरच्या अळ्या डॉ. अलेक्झांडर मर्न्स यांच्याकडे गेल्या. त्यांनी अळ्यांचं वय काढलं १२ ते १४ दिवस. म्हणजे मृत्यू किमान तेवढा जुना. दोघी साधारण १५ तारखेपासून बेपत्ता होत्या. हिशोब जुळला! इतर पुरावेही होतेच, आणि डॉ. बक रक्स्टन याला १९३६ मध्ये फाशी झाली. हा रक्स्टन मूळचा आपल्या मुंबईचा, बरं का. जन्मनाव बुख्तियार हकीम.

आता गंमत बघा. अळी उष्णतेत भरभर वाढते, थंडीत हळू. म्हणजे अळी हे एक घड्याळ आहे, आणि ते डबीत घातल्यावरही चालूच राहतं. म्हणून नमुन्याचे दोन भाग करतात.

पहिला भाग: घड्याळ थांबवायचं. अळ्या जिवंतपणी थेट अल्कोहोलमध्ये टाकल्या तर त्या आकसतात, काळ्या पडतात. लांबी चुकली की वय चुकतं. म्हणून आधी साधारण ८० अंशांच्या गरम पाण्यात अर्धा मिनिट, मग ७० ते ८० टक्के इथेनॉलमध्ये. फक्त मोठ्याच अळ्या उचलू नका. लहान, मोठ्या, कोष, सगळं हवं.

दुसरा भाग: घड्याळ चालू ठेवायचं. अळ्यांच्या बऱ्याच जाती सारख्याच दिसतात. त्या वाढवून माशी बाहेर आली की ओळख पक्की होते. यासाठी डबीत तळाला लाकडाचा भुसा, वर फॉइलच्या पुडीत कलेजीचा तुकडा आणि त्यावर मोजक्याच अळ्या. झाकणाला बारीक भोकं, आतून कापड. हवाबंद डबीत त्या गुदमरतात. आणि खच्चून भरल्या तर एकमेकींच्या उष्णतेनेच तापतात! डबी थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. आइस पॅक असेल तर तो डबीला चिकटू देऊ नका. शक्यतो २४ तासांत पोहोचवा. थंडीत किती वाजता ठेवलं, तेही लिहा, कारण तेवढा वेळ वाढ मंदावलेली असते.

लेबल पेन्सिलने लिहा. का? अल्कोहोल सांडलं की साध्या पेनची शाई पसरते. एक लेबल बाटलीच्या आत, एक बाहेर. त्यावर केस नंबर, तारीख, वेळ, जागा, शरीराच्या कुठल्या भागावरून घेतलं आणि कोणी घेतलं, एवढं हवंच. सोबत तिथल्या हवेचं आणि अळ्यांच्या घोळक्याचं तापमान लिहिलेला कागद. तो नसेल तर तज्ज्ञ हिशोब कशावरून करणार?

कुरियरबद्दल एक. इथेनॉल ज्वलनशील आहे, त्यामुळे विमानाने पाठवायला नियम आहेत. लपवून पाठवायचं नाही. आधी विचारायचं. बाटली घट्ट फिरकीच्या झाकणाची, भोवती कापूस, बाहेर पिशवी. जिवंत नमुन्याचा खोका वेगळा.

शेवटी सील आणि सह्या. कोणी दिलं, कोणी घेतलं, किती वाजता. या साखळीतली एक कडी जरी निसटली, तरी बचावाचा वकील विचारणारच, ‘या त्याच अळ्या कशावरून?’ आणि त्याने विचारायलाच हवं. कारण पलीकडे कुणाची तरी उभी जिंदगी पणाला लागलेली असते.

रक्स्टन केसमधल्या अळ्या आजही लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जपून ठेवल्यात. नीट पॅक केलेला पुरावा असा टिकतो!

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात.