हप्तेबंदीचें कर्ज आणि वारशाचें उत्पन्न

घरांतील वडील मनुष्य निवर्ततो, तेराव्याचे विधि आटोपतात, आणि लागलीच घरांत दबक्या आवाजांत एक प्रश्न सुरू होतो : आतां जें कांहीं पदरीं पडेल, तें बँक नेणार काय ? ज्यानें आपलें कर्ज हप्त्यांनीं फेडण्याची रीतसर तडजोड केली आहे, त्याच्या मनांत हा प्रश्न यावा यांत नवल नाहीं. महसूल खात्यांत वारसाच्या नोंदी लिहितां लिहितां आमचा काळ गेला. या एका भीतीपायीं चांगलीं घरें बिघडलेलीं आम्हीं पाहिलीं, म्हणून शेतकरी बंधूंपुढें हा विषय मांडीत आहों.

हप्तेबंदी आपल्याकडे नवी नव्हे. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यानंतर १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांकरितां जो कायदा झाला, त्यानें हुकूमनाम्याची रक्कम हप्त्यांनीं देवविण्याचा अधिकार कोर्टास दिला. १९४७ सालच्या मुंबई इलाख्यांतील कर्जनिवारण कायद्यानेंही हीच वाट धरली. त्या कायद्यांचा काळ सरला. आज अशी तडजोड बहुधा दिवाणी कोर्टांत किंवा लोकन्यायालयांत होते. लोकन्यायालयाचा निवाडा १९८७ सालच्या कायद्यान्वयें दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याप्रमाणेंच मानला जातो व त्यावर अपील नाहीं. तेव्हां तो कागद हलका समजूं नये.

आतां वारशाचें पाहूं. वडील हयात आहेत तोंवर मुलाची त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीविषयीं केवळ आशा असते, हक्क नसतो. अशी आशा विकतां येत नाहीं कीं गहाण ठेवतां येत नाहीं, आणि धनकोला तिच्यावर जप्तीही आणतां येत नाहीं. परंतु वारसा उघडला कीं तो हिस्सा वारसाची मालमत्ता होतो. तरीही तडजोडीप्रमाणें हप्ते वेळेवर जात असतील आणि तडजोडींत तसें कलम नसेल, तर केवळ वारसा मिळाला म्हणून धनकोला हप्ता वाढवून मागतां येत नाहीं. हप्ता चुकला म्हणजे मात्र त्या मिळकतीवर दरखास्त येऊं शकते. शेतकऱ्याचीं अवजारें, कामाचीं जनावरें, बियाणें व राहतें घर यांस पैशाच्या हुकूमनाम्यांतील जप्तींतून कायद्यानें सूट दिली आहे; बँकेंतील ठेवीस तशी सूट नाहीं.

नादारीची गोष्ट वेगळी. १९२० सालच्या प्रांतिक नादारी कायद्याखालीं एखाद्यास कोर्टानें नादार ठरविलें, तर त्यांतून मुक्तता मिळेपर्यंत वारशानें जें येईल तें तत्काळ कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यांत जातें. म्हणून आपली व्यवस्था तडजोडीची कीं नादारीची, हें आधीं कागद वाचून ठरवावें.

मिळकतीबरोबर मृताचें देणेंही येतें, पण मिळालेल्या मिळकतीपुरतेंच. ९ सप्टेंबर २००५ नंतर बापानें केलेल्या कर्जासाठीं निव्वळ पुत्रधर्म म्हणून मुलावर दावा चालत नाहीं. मात्र मृताच्या मिळकतीचा हिशेब वारसास दाखवितां आला नाहीं, तर त्या मर्यादेपर्यंत त्याला स्वतःच्या पदरचें द्यावें लागतें. यास्तव मृताच्या पैशाची वही निराळी ठेवावी.

आमच्या पाहण्यांतील एक हकीकत सांगतों. एका बागाईतदारानें विहीर व पाईपलाईनीकरितां काढलेलें कर्ज थकलें. लोकन्यायालयांत चार लक्ष ऐंशी हजार रुपये आठ वार्षिक हप्त्यांनीं द्यावयाचें ठरलें. एक हप्ता चुकल्यास सर्व बाकी एकदम देय, असें कलम होतें. दोन हप्ते गेले आणि त्याची आई वारली. वडील पूर्वींच गेले होते. आईची माहेरकडून आलेली अडीच एकर जमीन व दोन लक्षांची ठेव होती; वारस हा व त्याची बहीण. कोणी शहाण्यानें सल्ला दिला कीं, हिस्सा बहिणीच्या नांवें सोडून दे, कर्ज फिटल्यावर परत घे. त्यानें ठेवीसुद्धां सारा हिस्सा सोडला. पुढल्या वर्षीं पावसानें दगा दिला व हप्ता चुकला. फेरफाराची नोंद कोणासही पाहतां येते. धनकोनें ती पाहिली. धनकोस बुडविण्यासाठीं केलेलें हस्तांतर धनकोच्या मागणीवरून रद्द होऊं शकतें. दावा झाला. बहीण बिचारी विनाकारण कोर्टाच्या पायऱ्या चढली आणि त्या घरची भाऊबीज बंद पडली. ठेवींतील त्याच्या हिश्शाचे एक लक्ष रुपये हातीं असते, तर तो हप्ता व पुढल्या हप्त्याची बरीचशी रक्कम सहज भागली असती. फेरफाराची ती नोंद आमच्याच हातची. लिहितांना आम्हांस सारें उमगलें होतें. आम्ही बोललों नाहीं, याची खंत आजही आहे.

म्हणून आमचें सांगणें असें. वारसा उघडल्यावर तीन महिन्यांचे आंत तलाठ्याकडे वर्दी द्यावी व पोंच घ्यावी. फेरफार मंजूर झाल्यावर सातबारा पाहावा. त्यावर मृताच्या कर्जाचा बोजा आहे काय, तें तपासावें. तडजोडीचा कागद वकिलास दाखवून, नव्या मिळकतीची खबर देण्याची अट आहे काय, हें विचारावें. अट असेल तर लेखी कळवावें. नसेल तरी लपवूं नये. हातीं रोकड आली असेल, तर पुढील एक-दोन हप्त्यांपुरती रक्कम बाजूस काढून मगच लग्नकार्य, बांधकाम यांचा विचार करावा. एकरकमी फेड करावयाची असल्यास सूट किती, तें आधीं लिहून घ्यावें, मग पैसे भरावे. शेवटचा हप्ता गेला कीं बेबाकीचा दाखला घ्यावा आणि सातबाऱ्यावरील बोजा उतरवून घ्यावा. पावती पेटींत पडून राहिली म्हणजे बोजा आपोआप उतरत नाहीं.

आईबापांनीं पोटास चिमटा घेऊन मागें ठेवलेल्या पैशानें मुलाचें ऋण फिटलें, तर त्या पैशाचें चीज झालें. तोच पैसा लपविण्यापायीं भावाबहिणींत वितुष्ट आलें, तर कोर्टाच्या खर्चाहून तें नुकसान मोठें आहे. आणि तें भरून देणारा हुकूमनामा कोणत्याही कोर्टांत मिळत नाहीं.