अशनीपात व मनुष्यहानीची वृत्ते : पुराव्याचा प्रश्न

६ फेब्रुवारी २०१६ रोजी तामिळनाडूतील वेल्लोर जिल्ह्यात एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात स्फोट होऊन एका बसचालकाचा मृत्यू झाला. प्रथम बांधकामावर उरलेल्या स्फोटकांचा संशय घेण्यात आला. त्यांचा मागमूस न लागल्याने अशनी कोसळल्याचे सांगण्यात आले. तत्कालीन मुख्यमंत्री जयललिता यांच्या निवेदनातही तेच कारण होते. काही दिवसांतच 'नासा'च्या शास्त्रज्ञांनी छायाचित्रांवरून हा जमिनीवरील स्फोट असावा, असे मत दिले. एका कारणाचा पुरावा मिळाला नाही, एवढ्यावरून दुसरे कारण सिद्ध होत नाही. शिवाय मृत्यूचे खापर आकाशावर फोडले की जमिनीवरील निष्काळजीपणाचा शोध थांबतो, ही बाब अधिक गंभीर आहे.

लहान अशनीचा मूळ वेग वातावरणातच संपतो व अखेरचे काही किलोमीटर तो केवळ स्वतःच्या वजनाने खाली येतो. जमिनीवर तो स्फोट करीत नाही, आग लावीत नाही. लहानसा खड्डा पडतो आणि दगड शिल्लक राहतो. ३० नोव्हेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात छप्पर फोडून आलेल्या अशनीमुळे एका महिलेस दुखापत झाली. तो दगड आजही संग्रहालयात आहे. याउलट १८८८ मध्ये आजच्या इराकमधील सुलेमानिया येथे एकाचा मृत्यू झाल्याची ऑटोमन दफ्तरातील कागदपत्रे २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. ती दुर्लक्षिण्याजोगी नाहीत, परंतु दगडाची साक्ष त्यांच्यामागे नाही.

महाराष्ट्रात २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात भरदिवसा गडगडाटासह अशनी पडले. ते गोळा झाले, तपासले गेले, त्यांचा प्रकारही निश्चित झाला.

असा दगड पाचगणीसारख्या ठिकाणी ओळखणे मात्र अवघड आहे. टेबललँडचा माथा जांभ्याचा, खाली काळा बेसॉल्ट. जांभा लोहयुक्त व गडद. बेसॉल्टमधील मॅग्नेटाइटमुळे लोहचुंबकही थोडाफार ओढला जातो. म्हणून 'चुंबक चिकटला' ही सर्वपरिचित कसोटी दख्खनमध्ये फारशी उपयोगाची नाही. जांभ्यात पोकळ्या असतात. अशनीत त्या सहसा आढळत नाहीत. झिलई नसलेल्या चिनी मातीच्या तुकड्यावर घासल्यास जांभ्याची तांबूस-तपकिरी रेघ उमटते. ताज्या अशनीवर वितळून गोठलेले पातळ काळे कवच असते आणि तुटलेली बाजू बहुधा फिकट दिसते. निकेलचे प्रमाण मात्र प्रयोगशाळेतच कळते.