घरगुती छायाचित्रसंग्रह आणि आंतरजाल

घरातील छायाचित्रांचा आल्बम पाहुण्यास दाखवावयाचा झाल्यास तो कपाटातून काढावा लागे व पाहून झाल्यावर पुन्हा तेथेच ठेवला जाई. संग्रह बाळगणे आणि तो दाखविणे ही दोन्ही कामे एकाच घरात होत. आल्बम आंतरजालावर ठेवण्याची सोय झाल्यापासून या दोहोंची फारकत झाली आहे.

ही फारकत टाळण्याचा एक लक्षणीय प्रयत्न ओपेरा सॉफ्टवेअर या नॉर्वेतील कंपनीने २००९ साली केला. 'ओपेरा युनाइट' या तिच्या योजनेत ब्राउझरमध्येच एक लहानसा सर्व्हर बसविलेला असे. संगणकाच्या मालकाने एखादा फोल्डर निवडावा, आप्तेष्टांना त्याचा पत्ता व परवलीचा शब्द कळवावा, की त्यांना त्यातील चित्रे दिसू लागत. चित्रे मूळ जागीच राहत. कंपनीचे यंत्र केवळ मध्यस्थाचे काम करी. कल्पना सुबक होती खरी; परंतु घरचा संगणक बंद झाला की आल्बमही मिटे. दुसरी अडचण जोडणीची. एडीएसएल पद्धतीच्या घरगुती जोडणीत माहिती घरात येण्याचा वेग मोठा आणि बाहेर जाण्याचा वेग थोडा असतो. ग्राहक हा मुख्यतः घेणारा, देणारा नव्हे, असे तेथे गृहीतच धरलेले आहे. चार मेगाबाइटांचे एक चित्र सेकंदास २५६ किलोबिट या वेगाने मूळ आकारात पाठविण्यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. पन्नास चित्रांस सुमारे पावणेदोन तास. २०१२ साली कंपनीने ही योजना सोडून दिली.

बहुसंख्य लोकांनी अर्थातच दुसरा मार्ग पत्करला, तो म्हणजे चित्रे परक्या यंत्रावर ठेवण्याचा. व्हँकूव्हर येथे २००४ साली सुरू झालेल्या फ्लिकरची मालकी २००५ मध्ये याहूकडे व २०१८ मध्ये स्मगमगकडे गेली. २०१३ साली विनामूल्य सदस्यास एक टेराबाइट जागा देऊ केली होती. २०१८ साली ती मर्यादा एक हजार चित्रांवर आणली गेली, आणि त्यापलीकडील चित्रे काढून टाकण्यात येतील असे जाहीर झाले.

चित्र वाचले तरी त्याबरोबरची माहिती वाचतेच असे नाही, ही बाब अधिक विचारार्ह आहे. कॅमेरा हा चित्राच्या फाइलमध्येच दिनांक व वेळ नोंदवितो. मोबाइलने टिपलेल्या चित्रात घराचे अक्षांश-रेखांशही असू शकतात, याची पाठविणाऱ्यास बहुधा कल्पनाही नसते! परंतु चित्रातील माणसे कोण, हे माणसानेच लिहावे लागते. पूर्वी ते चित्राच्या पाठीवर पेन्सिलीने लिहीत. गूगलच्या पिकासा या प्रणालीत चित्राखालची ओळ जेपेग फाइलच्या पोटात साठविली जाई. चेहऱ्यांना दिलेली नावे मात्र मुख्यतः वेगळ्या फाइलींत राहत. २०१६ साली पिकासा बंद झाल्यावर ज्यांनी केवळ चित्रे नव्या संगणकावर उतरवून घेतली, त्यांच्या संग्रहात लग्नमंडपातील पंगत जशीच्या तशी आहे. पाटावर बसलेल्यांची नावे मागेच राहिली.