विश्लेषण : अंकाई-टंकाई हे विझलेले ज्वालामुखी आहेत का? लाव्हाच्या खडकाचा आणि कोरड्या विहिरींचा संबंध काय?

लासलगाव, येवला, मनमाड परिसरातील सपाट माथ्याचे डोंगर बेटांसारखे एकेकटे उभे दिसतात. लासलगावहून एका दिवसात पाहून होणाऱ्या अंकाई-टंकाई या जोडकिल्ल्यांवर सुटीच्या दिवशी अनेक जण जातात. हे डोंगर म्हणजे जुने ज्वालामुखी असल्याचे परिसरात सर्रास सांगितले जाते. त्यात तथ्य किती आणि उन्हाळी कांद्याच्या पाण्याशी त्याचा संबंध काय, याविषयी...

हे डोंगर ज्वालामुखी आहेत का?

नाहीत, पण ते ज्वालामुखीच्याच खडकाचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून लाव्हा वाहत राहिला. शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या तोंडातून उडणारी आग, असे या उद्रेकाचे स्वरूप नव्हते. लाव्हाचे थर एकावर एक साचले. आज हा बेसाल्ट खडक सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला असून महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग त्यावर आहे. भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी मात्र अंदमानच्या समुद्रातील बॅरन बेटावर आहे. तेथे मनुष्यवस्ती नाही.

मग डोंगर एकेकटे का उरले?

मूळचे पठार नद्या-ओढ्यांनी कोट्यवधी वर्षे झिजवले. मऊ थर वाहून गेले, कठीण थरांचे माथे टिकले. उभे कातळकडे आणि मध्ये उताराचा टप्पा, अशी रचना त्यामुळेच दिसते. या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. मनमाडजवळचा हडबीची शेंडी हा सुळका याच झिजेतून उरलेला आहे.

एका दिवसात काय पाहता येते?

लासलगावहून रेल्वेने मनमाड आणि तेथून रस्त्याने अंकाई गाव, किंवा विंचूर-येवला मार्गे थेट अंकाई, असे दोन पर्याय आहेत. गावातून चढताना आधी जैन लेणी लागतात. पुढे दोन किल्ल्यांमधील खिंड येते. अंकाईचा माथा समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंच आहे. वर अगस्ती ऋषींचे स्थान आणि पाण्याचे तळे आहे. हा किल्ला १६३५ मध्ये मुघलांनी आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला. सावली कमी असल्याने उन्हाळ्यात पहाटेच चढाई सुरू करणे आणि पुरेसे पाणी सोबत नेणे हिताचे.

किल्ल्यावर पाणी, मग खाली टंचाई का?

लाव्हाच्या प्रत्येक थराचे दोन भाग असतात. वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहतात. तो झिजून मुरूम होतो आणि पाणी धरतो. खालचा काळा पाषाण घट्ट असतो. त्यात पाणी असते ते केवळ भेगांमध्ये. किल्ला बांधणाऱ्यांनी हाच घट्ट पाषाण कोरून टाकी केली आणि पावसाचे पाणी साठवले. पाणी झिरपू न देणारा खडक टाक्याला उपकारक, पण विहिरीला अडचणीचा ठरतो.

त्यात पावसाची विषमता आहे. घाटमाथ्यावरील इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पर्जन्यछायेतील येवला-चांदवडकडे तो साधारण पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो.

शेतकऱ्यांसाठी याचा अर्थ काय?

१९४७ मध्ये स्थापन झालेली लासलगावची बाजार समिती ज्या उन्हाळी कांद्यावर चालते, तो पावसाळा संपल्यावर लागतो आणि विहिरीच्या पाण्यावर वाढतो. विहीर आटली की बोअर आणखी खोल नेला जातो. मात्र खाली घट्ट पाषाण लागला, तर खोली वाढूनही पाणी वाढत नाही. भेग लागलीच तर तेच पाणी शेजारच्या विहिरीचेही असू शकते. म्हणूनच महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर नियंत्रणाची तरतूद आहे.

उपाय कोणता?

मुरमाचा थर पावसाळ्यात भरून घेणे, हा या खडकातील खात्रीचा मार्ग आहे. बांधबंदिस्ती, नाल्यांवरील बंधारे, गाळ काढलेले पाझर तलाव आणि ठिबक सिंचन यांचा उपयोग तेथेच होतो. मात्र हा साठा मर्यादित असतो. दिवाळीनंतर विहिरींची पातळी मोजून कांद्याखालील क्षेत्र ठरवले, तर लागवडीचा खर्च केल्यावर ऐन पोसण्याच्या काळात पीक सोडून देण्याची वेळ टळू शकते.