सूर्य सर्वांचा, पण जमीन कोणाची?

खानदेशच्या माणसाला सूर्याची ओळख करून द्यावी लागत नाही. वैशाखात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि केळीच्या बागांना उन्हापासून वाचवता वाचवता शेतकरी मेटाकुटीला येतो. आजवर ह्या उन्हाकडे आपण संकट म्हणूनच पाहत आलो. आता तेच ऊन ह्या भूमीची संपत्ती मानले जाऊ लागले आहे. ही संपत्ती कोणाच्या पदरात पडणार आणि तिची किंमत कोण मोजणार, ह्याचा विचार आपण ख्रिस्ती भाविकांनी करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

सौर ऊर्जा हवी की नको, ह्याविषयी आमच्या मनात शंका नाही. भुसावळजवळचे दीपनगर आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. तेथील औष्णिक केंद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅटचे दोन मोठे संच कोळशावर चालतात. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४० टक्के असते. म्हणजे शंभर किलो कोळसा जाळला की तीस-चाळीस किलो राख मागे उरते. ती कोठे तरी साठवावी लागते. वाऱ्याबरोबर ती पिकांवर, पाण्यावर आणि माणसांच्या छातीत जाऊन बसते. शिवाय कोळशाच्या धुरातील कर्बवायू पृथ्वीचे तापमान वाढवतो. बेभरवशाचा पाऊस व वाढता उन्हाळा ह्यांचा पहिला तडाखा कोरडवाहू शेतकऱ्याला बसतो. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात कोळसा व तेल ह्यांचा वापर टप्प्याटप्प्याने, पण विलंब न लावता थांबवण्याचे आवाहन केले, ते ह्याच कारणास्तव.

ह्या दिशेने धुळे जिल्ह्याने बरीच वाटचाल केली आहे. साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्याच तालुक्यात शिवाजीनगर येथे ‘महानिर्मिती’चा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ साली कार्यान्वित झाला. निरभ्र आकाश, भरपूर ऊन आणि तुलनेने स्वस्त माळरान ह्यांमुळे प्रकल्पांची पावले इकडे वळली.

येथे एक साधा हिशेब ध्यानात घ्यावा. एक मेगावॅट सौर वीज निर्माण करायची तर साधारण ४ ते ५ एकर जमीन लागते. ह्या प्रमाणात १२५ मेगावॅटला पाच-सहाशे एकर जमीन लागेल. कोळशाचा प्रकल्प धूर सोडतो, सौर प्रकल्प जागा व्यापतो. ज्याला आपण ‘पडीक माळ’ म्हणतो, तो कागदोपत्री पडीक असला तरी कोणाच्या तरी उपयोगाचा असतो. साक्री-शिंदखेडा भागातील ठेलारी मेंढपाळांचे कळप अशाच माळांवर जगतात. गावाचे गायरान म्हणजे ज्याच्याकडे शेत नाही, त्याच्या शेळीचे शेत. पवनचक्क्यांसाठी वनजमीन दिली गेली, तेव्हा ती पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या आदिवासींनी विरोध केला, तो ह्याच कारणासाठी. त्यांच्या हाती सातबारा नव्हता; वनहक्कांना मान्यता देणारा कायदाच मुळी २००६ साली झाला.

ज्यांच्या हाती सातबारा होता, त्यांनाही न्याय मिळालाच असे नाही. शिंदखेडा तालुक्यातील विखरण येथील ८४ वर्षांचे शेतकरी धर्मा पाटील ह्यांची सुमारे ५ एकर जमीन वीज प्रकल्पासाठी संपादित झाली. मोबदला मिळाला सुमारे ४ लाख रुपये. आपल्या बागायतीचे मूल्यांकन योग्य झाले नाही आणि शेजारच्या जमिनीला कितीतरी अधिक रक्कम मिळाली, अशी त्यांची तक्रार होती. अर्ज-विनंत्यांचे हेलपाटे घालून थकल्यावर त्यांनी २२ जानेवारी २०१८ रोजी मुंबईत मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला रुग्णालयात त्यांचे निधन झाले. फेरमूल्यांकनाची चक्रे फिरली, ती त्यानंतर. एका वृद्ध शेतकऱ्याचे गाऱ्हाणे त्याच्या हयातीत ऐकले गेले नाही, ह्याचे शल्य समाजाला बोचत राहिले पाहिजे.

कायदा काय सांगतो? १८९४ चा ब्रिटिशकालीन कायदा बाजूला सारून भूसंपादनाचा नवा कायदा २०१३ साली संमत झाला व १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची असल्यास बाधित कुटुंबांपैकी ८० टक्के कुटुंबांची संमती त्यात आवश्यक ठरवली आहे. प्रकल्पाचा गावाच्या जीवनावर काय परिणाम होईल, ह्याचा अभ्यास करण्याची तरतूदही आहे. परंतु शासन स्वतःच्या कामासाठी जमीन घेते, तेव्हा ही संमतीची अट लागू होत नाही. आणि जमीन थेट खरेदीने वा भाडेपट्ट्याने घेतली, तर संपादनाची प्रक्रियाच होत नाही. त्यातच सौर प्रकल्पांना पर्यावरणविषयक पूर्वमंजुरीतून सूट आहे. त्यामुळे त्या मंजुरीसाठी होणारी जनसुनावणीही होत नाही. ऊर्जा स्वच्छ आहे, एवढ्यावर गावाला विचारण्याची पायरी गाळली जाते.

‘लाउदातो सी’ नेमके येथेच बोट ठेवते. परिणामांचा अभ्यास प्रकल्प ठरल्यानंतर करून चालणार नाही, तो आधी झाला पाहिजे व स्थानिकांना त्यात मानाचे स्थान असले पाहिजे, असा त्याचा आग्रह आहे. पृथ्वीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश हे वेगळे काढता येत नाहीत, हे ह्या परिपत्रकाचे सार आहे. पवित्र शास्त्रातील नाबोथाची कथा (१ राजे, अध्याय २१) आपण जाणतो. अहाब राजाने द्राक्षमळ्याच्या बदल्यात चांगला मळा वा रोख किंमत देऊ केली होती. तरीही वाडवडिलांचे वतन देण्यास नाबोथाने नकार दिला, आणि त्या नकाराचा मान न राखणे हेच राजघराण्याचे पाप ठरले. मोबदल्याचा आकडा वाढवून प्रश्न मिटत नाही. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकारही शेतकऱ्याकडे असावा लागतो.

मार्ग आहेत. राज्य शासनाच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे २०२३ पासून, वीज उपकेंद्राजवळची जमीन भाडेपट्ट्याने घेण्याची तरतूद आहे. भाडे हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये, म्हणजे एकरी सुमारे पन्नास हजार, आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ. जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते व पंपाला दिवसा वीज मिळावी, हा योजनेचा हेतू आहे. रात्री-अपरात्री बिबट्याच्या व सापाच्या भीतीत पाणी भरणाऱ्या शेतकऱ्याला दिवसाच्या विजेचे मोल वेगळे सांगायला नको. मात्र गायरानावर प्रकल्प येत असेल, तर गुरे कोठे चरणार हा प्रश्न ग्रामसभेत विचारलाच पाहिजे.

दुसरा मार्ग आपल्या डोक्यावरच आहे. छपरावर पॅनेल बसवले, तर कोणाची एक गुंठाही जमीन लागत नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला १ किलोवॅटसाठी ३० हजार, २ किलोवॅटसाठी ६० हजार आणि ३ किलोवॅट वा अधिक क्षमतेसाठी ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा पुरते व दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. व्हॅटिकनमध्ये पोप सहावे पॉल सभागृहाच्या छपरावर २००८ साली दोन हजारांहून अधिक पॅनेल बसवण्यात आले. पुढे २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी रोमजवळच्या सांता मारिया दी गालेरिया येथे शेती व सौर वीज एकाच जमिनीवर घेणारा प्रकल्प उभारण्याचे आदेश दिले. मग आपल्या शाळांची, वसतिगृहांची व सभागृहांची मोकळी छपरे उन्हात नुसतीच का तापावीत?

ह्यासाठी प्रत्येक धर्मग्रामात तीन गोष्टी व्हाव्यात, असे आम्ही सुचवतो. आपल्या इमारतींच्या वीजबिलांचा व छपरांचा हिशेब मांडावा. गावात सौर प्रकल्पाचा प्रस्ताव आला, तर भाडेपट्ट्याचा करार सही करण्यापूर्वी जाणकाराकडून वाचून घेण्यास शेतकरी बांधवांना मदत करावी. करार किती वर्षांचा, भाडे थकल्यास काय, मुदत संपल्यावर जमीन मोकळी करून कोण देणार, हे मराठीत स्पष्ट लिहिलेले असावे. आणि ग्रामसभेला जावे, विशेषतः ज्यांच्या नावावर जमीन नाही त्यांना बरोबर घेऊन. बोलण्याची गरज त्यांनाच सर्वाधिक असते.

परमेश्वर आपला सूर्य चांगल्यांवर व वाइटांवर सारखाच उगवतो. त्या सूर्यापासून निघालेल्या विजेचा लाभ व भार सारखा वाटला जातो की नाही, हे मात्र आपल्या हाती आहे.