'गाथा' : शब्द आणि अर्थ

वर्धा जिल्ह्यातील हिंगणीसारख्या गावांत बुद्धवंदनेच्या वेळी जे जे पालीत म्हटले जाते, त्या सर्वास सरसकट 'गाथा' म्हणण्याचा प्रघात आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेनंतर पाली वंदना विदर्भातील खेड्यापाड्यांत पोहोचली आणि तिच्यासोबत हा शब्दही रूढ झाला. त्याचा नेमका अर्थ आपण समजून घेतला पाहिजे.

'गै' म्हणजे गाणे; या धातूपासून 'गाथा' शब्द सिद्ध होतो. गायिले जाते ते पद्य, हा त्याचा मूळ अर्थ. हा शब्द बुद्धपूर्व आहे. ऋग्वेदात तो आढळतो आणि पारशांच्या अवेस्तातील प्राचीन स्तोत्रांनाही हेच नाव आहे. बौद्ध परंपरेने बुद्धवचनाची नऊ अंगे मानली, त्यांपैकी 'गाथा' हे एक. आचार्य बुद्धघोषांनी या अंगात धम्मपद, थेरगाथा व थेरीगाथा यांचा समावेश केला. धम्मपदात ४२३ गाथा आहेत.

मराठीत मात्र या शब्दाने घोटाळा होतो. तुकोबांची 'गाथा' म्हणजे अभंगांचा संपूर्ण संग्रह. पालीतील 'गाथा' म्हणजे एकच श्लोक, बहुधा चार चरणांचा. हाल सातवाहनाच्या नावे प्रसिद्ध असलेल्या 'गाथासप्तशती'तही प्रत्येक गाथा स्वतंत्र व स्वयंपूर्ण आहे. महामंगलसुत्ताचा आरंभ गद्यात असून पुढे बारा गाथा येतात. जयमंगल अट्ठगाथेतील 'अट्ठ' म्हणजे आठ. शेवटची नववी गाथा पठणाचे फल सांगते.

या दृष्टीने पाहता त्रिशरण व पंचशील या गाथा नव्हेत. ते गद्य आहे. हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. लेखनाआधीच्या काळात गाथेचे छंद स्मरणास आधार देत. एखादे अक्षर गळाले तर चाल अडखळे आणि चूक ध्यानात येई. म्हणूनच आजही गाथा म्हणताना ऱ्हस्व-दीर्घ सांभाळणे अगत्याचे आहे. पंचशीलाचे स्वरूप निराळे आहे. त्यात प्रत्येक उपासक 'मी' म्हणून पाच शिक्षापदे स्वतःच्या अंगी घेतो. ती प्रतिज्ञा आहे. तिलाही सुरेल गाथा समजून आपण नुसती आळवू लागलो, तर आपण काही वचन देत आहोत, याचेच विस्मरण होते.

निरर्थक शब्दांच्या सहस्र गाथांपेक्षा ऐकून मन शांत होईल अशी एक गाथा श्रेष्ठ होय, असा आशय धम्मपदाच्या सहस्सवग्गात आला आहे. तेव्हा विहारात पठणानंतर दररोज निदान एका गाथेचा अर्थ मराठीत सांगितला जावा. बालकांनाही गाथा कोणती आणि प्रतिज्ञा कोणती, हे त्यातून सहज कळेल.