जुन्या टर्बाइनला नवी पाती

भिवंडीत वीज गेली की मागांचा खडखडाट थांबतो आणि त्याबरोबर मजुरीही थांबते. कारण यंत्रमाग कामगाराला पैसे मिळतात ते विणलेल्या मीटरवर. २६ जानेवारी २००७ पासून शहरातील वितरणाचे काम महावितरणने टोरंट पॉवरकडे सोपविले. तेव्हापासून येथील विजेची चर्चा बव्हंशी मीटर, गळती आणि बिले यांभोवतीच फिरत राहिली. ही वीज ज्या यंत्रातून निघते, त्याच्या वयाविषयी मात्र क्वचितच कोणी बोलते.

भिवंडी तालुक्यातील पडघा येथे विदर्भातील वीज येऊन पोहोचते. चंद्रपूर ते पडघा ही ७५२ किलोमीटर लांबीची, ५०० किलोव्होल्ट दाबाची, १५०० मेगावॉट क्षमतेची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ साली कार्यान्वित झाली. जाळ्यातील विजेला गावाचे नाव नसते हे खरे. तरीही विदर्भातील संच धापा टाकू लागले की कोकणपट्टीला त्याची झळ पोहोचतेच.

टर्बाइन थकते म्हणजे नेमके काय होते? सुमारे ५३५ अंश सेल्सियस तापमानाची वाफ पात्यांवर आदळते आणि रोटर मिनिटाला तीन हजार फेरे घेतो. फिरणारा भाग आणि स्थिर कवच यांच्यातील फट जेमतेम मिलिमीटरच्या आसपास असते. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने तेथील सील झिजतात आणि वाफ काम न करताच निसटते. पात्यांवर क्षारांचे थर बसतात. शेवटच्या टप्प्यात वाफेचे थेंब होऊ लागतात आणि ते पात्यांच्या कडा कुरतडतात. शिवाय सतत तापलेला धातू अतिशय संथपणे ताणला जातो. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी रोटरमध्ये किती आयुष्य उरले आहे, हे ध्वनिलहरींच्या साह्याने तपासावे लागते.

नूतनीकरणात पाया, बाहेरचे कवच आणि वाफेच्या नळ्या शक्यतो जागच्या जागी ठेवल्या जातात. बदलतात ती पाती, सील, आतील कवच आणि गरज पडल्यास रोटर. भेलने आरंभी बनविलेले या क्षमतेचे संच लेनिनग्राड येथील कारखान्याच्या आराखड्यावर बेतलेले होते. त्यानंतर संगणकाच्या साह्याने पात्यांना असा बाक देता येऊ लागला की त्याच वाफेतून अधिक काम निघते.

लाभाचा हिशेब सोपा आहे. २१० मेगावॉटचा संच पूर्ण भाराने दिवसाला सुमारे ५० लाख युनिट वीज देतो. युनिटला पाऊण किलो कोळसा धरला, तर रोज पावणेचार हजार टन लागतात. कार्यक्षमता ३४ टक्क्यांवरून ३६ झाली, तर त्यातले दोनशे टन वाचतात. अर्थात हे श्रेय एकट्या टर्बाइनचे नसते; बॉयलर गळका राहिला तर नवी पातीही व्यर्थ ठरतात.

कोराडीचा ६ क्रमांकाचा २१० मेगावॉटचा संच १९८२ साली सुरू झाला. जागतिक बँकेने २००९ साली मंजूर केलेल्या पुनरुज्जीवन प्रकल्पात त्याचा समावेश होता. त्याच्या पिढीचे अनेक संच निवृत्त झाले. तो मात्र ६६० मेगावॉटच्या तीन नव्या संचांच्या शेजारी टिकून राहिला.

उरणची कथा वेगळी. तेथील वायू टर्बाइनच्या उष्ण धुरातील ऊर्जा आरंभी हवेत जात असे. पुढे तीवर वाफ तयार करून प्रत्येकी १२० मेगावॉटचे दोन संच जोडले गेले, तेही जादा इंधनाविना. वायू टर्बाइनने निर्माण केलेल्या शक्तीपैकी निम्म्याहून अधिक तिचा स्वतःचा कॉम्प्रेसरच खातो. त्यामुळे समुद्रकाठच्या क्षाराने व धुळीने त्याची पाती माखली की उत्पादन घटते. ती नियमित धुणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. दुर्दैवाने स्वस्त उपायांचे उद्घाटन होत नाही.

खरी अडचण वेळेची. या कामासाठी संच कित्येक महिने बंद ठेवावा लागतो आणि तुटवड्याच्या काळात तो बंद करण्यास कोणी धजत नाही. भारनियमनाच्या वर्षांत थकलेली यंत्रे तशीच दामटली गेली, ती याच कारणाने.

त्यात आता नवी मागणी आली आहे. दिवसा सौरवीज वाढल्याने कोळशावरील संचांना भार ४० टक्क्यांपर्यंत उतरविता आला पाहिजे, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांत म्हटले आहे. भिवंडीचे माग मात्र रात्रपाळीतही चालतात. सूर्य मावळला की तोच संच पुन्हा पूर्ण भारावर आणावा लागतो, आणि जाड धातूच्या जुन्या रोटरला तापमानातील हा रोजचा चढउतार विशेष जाचक ठरतो.